परदेशी जाऊन वजन घटविण्याची शस्त्रक्रिया : प्रवासापूर्वी आणि परतल्यानंतर

न्यासाच्या वार्षिक अहवालात विभागवार कार्याचा आढावा, जमाखर्चाची पत्रके आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीला एखाद्या आरोग्यविषयक प्रश्नाची सविस्तर माहिती देण्याचा प्रघात आम्ही पाळत आलो आहोत. यंदाचा विषय काही वाचकांना धर्मादाय रुग्णालयाच्या चाकोरीबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. वजन घटविण्यासाठी परदेशी जाऊन शस्त्रक्रिया करून घेणे ही सधनांची हौस. तिचा आपल्यासारख्या संस्थेशी काय संबंध, असा प्रश्न आमच्या एका विश्वस्तांनीही प्रथम विचारला होता. लेखाच्या अखेरीस त्या प्रश्नाचे उत्तर वाचकांना मिळेल, अशी आशा आहे.

या विषयाकडे आमचे लक्ष वेधले ते एका रुग्णामुळे. रत्नागिरी जिल्ह्यातील एक पस्तिशीचे गृहस्थ आखातात नोकरीस होते. त्यांचे वजन १३० किलोंच्या पुढे गेले होते, मधुमेह जडला होता आणि रात्री झोपेत श्वास अडकत असे. रजेच्या काळात तिसऱ्याच एका देशात जाऊन त्यांनी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. पाचव्या दिवशी विमानाने ते कामावर परतले. पुढे उलट्या सुरू झाल्या. 'सुरुवातीला असे होतेच' या समजुतीने त्यांनी आठवड्यामागून आठवडे काढले. अखेर मूळ गावी आल्यावर त्यांना एकाची दोन दिसू लागली, चालताना तोल जाऊ लागला, आणि सातव्या आठवड्यात घरच्यांनी त्यांना चाकांच्या खुर्चीतून आमच्याकडे आणले. सोबत कागद होते दोन : पैसे भरल्याची पावती आणि शस्त्रक्रियेचे नाव लिहिलेले एक पान.

त्यांना झाला होता तो थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावाचा विकार. इंजेक्शने सुरू करताच दृष्टी काही दिवसांत सुधारली. पायांतील बळ परत येण्यास अनेक महिने लागले आणि आजही ते काठी घेऊन चालतात. त्यांच्या वृद्ध मातोश्रींनी आमच्या डॉक्टरांना विचारले, "ऑपरेशन चांगलं झालं असं ते सांगतात. मग माझ्या मुलाचं हे असं कशानं झालं?"

तपासणीत आढळले की शस्त्रक्रिया खरोखरच चांगली झाली होती. टाके सुस्थितीत होते, कोठेही गळती नव्हती. त्या मातेच्या प्रश्नाचे उत्तर शस्त्रक्रियेत नव्हते, शस्त्रक्रियेनंतरच्या रिकाम्या सात आठवड्यांत होते. आमच्या मते या संपूर्ण विषयाचे सार इतकेच आहे, आणि पुढील विवेचन त्याचाच विस्तार होय.

शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय

वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. पोटावरील चरबी कापून किंवा ओढून काढणे म्हणजे ही शस्त्रक्रिया नव्हे. तो सौंदर्यशस्त्रक्रियेचा प्रांत झाला. येथे बदल केला जातो तो पचनसंस्थेत. आज जगात सर्वाधिक केल्या जाणाऱ्या दोन पद्धती आहेत. 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी' या पद्धतीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग उभा कापून कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. 'गॅस्ट्रिक बायपास' या पद्धतीत जठराच्या वरच्या टोकाशी लहानशी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. त्यामुळे अन्न जठराचा मोठा भाग आणि आतड्याचा आरंभीचा भाग टाळून पुढे जाते. दोन्ही पद्धतींत भूक आणि तृप्ती यांचे नियंत्रण करणाऱ्या संप्रेरकांमध्येही बदल घडतो. म्हणूनच अनेकांचा मधुमेह वजन पुरेसे उतरण्याआधीच आटोक्यात येऊ लागतो.

बायपास पद्धतीचा पाया अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये घातला. १९९४ पासून ती दुर्बिणीद्वारे होऊ लागली आणि मोठ्या छेदाऐवजी चार-पाच लहान छिद्रांतून काम भागू लागले. रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जाऊ शकतो, हे शक्य झाल्यावरच या शस्त्रक्रियेसाठी दूरदेशी प्रवास करण्याची कल्पना व्यवहारात आली. शस्त्रक्रियेचा लाभ निर्विवाद आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो स्थूल व्यक्तींचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात शस्त्रक्रिया झालेल्यांमधील मृत्यूंचे प्रमाण इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळले. तेव्हा या शस्त्रक्रियेस आमचा विरोध नाही. आम्ही स्वतः ती करतो.

ती कोणी करावी

स्थूलता मोजण्यासाठी शरीरवस्तुमान निर्देशांक वापरतात. बोलण्यात त्याला बीएमआय म्हणतात. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. १६५ सेंटिमीटर उंचीच्या आणि ११० किलो वजनाच्या व्यक्तीचा निर्देशांक ४० च्या किंचित वर येईल. १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने पुरस्कृत केलेल्या तज्ज्ञ परिषदेने ४० आणि त्यापुढे, अथवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५ आणि त्यापुढे, अशी मर्यादा सुचविली. २०२२ मध्ये अमेरिकेतील आणि आंतरराष्ट्रीय अशा दोन शल्यचिकित्सक संघटनांनी ती खाली आणली. आशियाई लोकांसाठी २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार व्हावा, असे त्यांनी म्हटले.

आशियाई लोकांसाठी वेगळी मर्यादा का, याचे एक उद्‌बोधक उदाहरण पुण्यातले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा निर्देशांक सारखाच, २२.३, होता, परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण मोजता युडकिन यांच्यात ते ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के भरले. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकाने हे प्रसिद्ध केले. आपल्याकडील माणूस दिसण्यात सडपातळ असूनही आत मेद बाळगून असतो आणि मधुमेहाच्या विळख्यात लवकर सापडतो, हे त्यावरून ध्यानी यावे.

परंतु मर्यादा खाली आली म्हणजे प्रत्येकाने शस्त्रक्रिया करून घ्यावी, असा अर्थ होत नाही. योग्य केंद्रात आहारतज्ज्ञ, मधुमेहतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ रुग्णाला आधी तपासतात. त्यातून कधी 'आता नको' असाही निष्कर्ष निघतो. शिवाय भूक कमी करणारी सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड ही इंजेक्शने वजन घटविण्यासाठी २०२५ मध्ये भारतातही उपलब्ध झाली, त्यामुळे काहींना शस्त्रक्रियेवाचून दुसरा मार्ग मिळाला आहे. विमानाचे तिकीट आणि शस्त्रक्रियेची तारीख आधी ठरवून मग तपासणी होते, तेव्हा 'आता नको' हे उत्तर देण्यास वाव उरत नाही. परदेशी शस्त्रक्रियेतील पहिला धोका हा आहे आणि तो शस्त्रक्रियागृहात पाऊल टाकण्याआधीच उभा राहतो.

लोक परदेशी का जातात

जे जातात त्यांना उतावीळ म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे होईल. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेतून ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते, पण तीपर्यंत पोहोचण्यास दीर्घ प्रतीक्षा करावी लागते आणि खासगी खर्च अनेकांना पेलत नाही. म्हणून तेथील लोक तुर्कस्तानचा रस्ता धरतात. अमेरिकेत खासगी खर्च सर्वसाधारणपणे पंधरा ते पंचवीस हजार डॉलरच्या घरात जातो. सीमेपलीकडे मेक्सिकोतील तिहुआना शहरात तीच शस्त्रक्रिया चार ते सहा हजार डॉलरमध्ये होते, आणि कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोहून तिहुआना मोटारीच्या रस्त्यावर आहे. आखातातून आणि पूर्व आफ्रिकेतून रुग्ण भारतात येतात. २०१७ पासून ई-वैद्यकीय व्हिसाची सोय झाल्याने मुंबई, पुणे, दिल्ली, चेन्नई येथे येणे त्यांना सुलभ झाले. परदेशी स्थायिक झालेले आपले मराठी बांधवही सुट्टीत मायदेशी येऊन शस्त्रक्रिया उरकण्याचा विचार करतात. खर्च कमी, भाषा आपली आणि शुश्रूषेला आई किंवा बहीण घरी, हा त्यांचा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही.

खर्चाहूनही प्रबळ असे आणखी एक कारण असते, ते म्हणजे संकोच. स्थूल माणसाला जन्मभर उपहास सोसावा लागतो. शस्त्रक्रिया केली हे चार लोकांत कळू नये, बारीक होऊन परतावे आणि विचारले तर 'पथ्य केले' म्हणून सांगावे, अशी इच्छा आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. या गुप्ततेपायी घरच्या डॉक्टरांनाही काही सांगितले जात नाही, आणि पुढे त्याची किंमत मोजावी लागते.

तुर्कस्तान, मेक्सिको आणि भारत या तिन्ही देशांत अत्यंत कुशल शल्यचिकित्सक आहेत. शस्त्रक्रियेची किंमत कमी म्हणजे हात कच्चा, असे समीकरण नाही. पण वैद्यकीय सेवा, विमानतळावरील मोटार, हॉटेल आणि दुभाषा यांची एकच मोट बांधून विक्री होते, तेव्हा ग्राहकाच्या डोळ्यांपुढे पाच दिवसांचे चित्र उभे राहते. वास्तविक ते चित्र पुढल्या तीस-चाळीस वर्षांचे असावयास हवे.

पहिले तीन आठवडे

शस्त्रक्रियेनंतरचे धोके दोन कालखंडांत विभागता येतात. पहिला कालखंड तीन आठवड्यांचा. अनुभवी केंद्रात या शस्त्रक्रियेने मृत्यू येण्याचे प्रमाण हजारी सुमारे एक इतके अल्प आहे. तथापि जठराच्या शिवणीतून गळती होणे, रक्तस्राव आणि पायातील शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे, हे तीन धोके कोणत्याही उत्तम केंद्रात पूर्णपणे टाळता येत नाहीत. गळती शंभरात एखाद-दुसऱ्याला होते आणि ती नेहमी पहिल्या दोन-तीन दिवसांतच होते असे नाही. घरी गेल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही ती प्रकट होऊ शकते. नाडी जलद चालणे, ताप, डाव्या खांद्यात दुखणे, धाप लागणे ही तिची लक्षणे. अशा वेळी जवळ तोच शल्यचिकित्सक असला तर काही तासांत इलाज होतो.

रक्ताच्या गुठळीचा धोका प्रवासाने वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास निरोगी माणसातही हा धोका सुमारे दुप्पट होतो. नुकती शस्त्रक्रिया आणि स्थूल शरीर यांची त्यात भर पडली की काय होईल, हे सांगावयास नको. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला असा की छाती किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर किमान १० दिवस विमानप्रवास करू नये. बहुतेक सवलतीच्या योजना याआधीच रुग्णाला विमानात बसवतात.

तिसरी बाब जंतुसंसर्गाची. जानेवारी २०१९ मध्ये याच केंद्राने प्रवाशांना इशारा दिला. तिहुआना येथे शस्त्रक्रिया, बहुधा वजन घटविण्याचीच, करून परतलेल्या अमेरिकन रुग्णांत प्रभावी प्रतिजैविकांनाही दाद न देणाऱ्या स्यूडोमोनस जिवाणूंचा संसर्ग आढळला होता. असे हट्टी जंतू आपल्या देशातील रुग्णालयांतही आहेत, हे आम्ही प्रांजळपणे नमूद करतो. पण परतलेल्या रुग्णावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना शस्त्रक्रिया कोठे झाली हे ठाऊक नसेल, तर ते योग्य औषधापर्यंत उशिरा पोहोचतात. २०२३ च्या आरंभी तुर्कस्तानात भूक मंदावण्यासाठी जठरात बोटुलिनम विषाची इंजेक्शने घेतलेल्या साठाहून अधिक लोकांना बोटुलिझम या स्नायू लुळे करणाऱ्या विकाराची बाधा झाली. त्याच वर्षी तुर्कस्तानात वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या सात ब्रिटिश रुग्णांच्या मृत्यूची वार्ता बीबीसीने दिली. गेलेल्या एकूण लोकांच्या मानाने ही संख्या लहान असेल. परंतु त्या घरांपुरती ती पूर्ण आहे.

पुढची सर्व वर्षे

दुसरा कालखंड आयुष्यभराचा. जठर लहान झाल्यावर माणूस पूर्वीसारखा जेवू शकत नाही. आरंभी दोन आठवडे पातळ, मग मऊसर आणि सुमारे दीड महिन्यानंतर नेहमीचे अन्न, असा क्रम असतो. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावयास हवीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात, तेव्हा भाताच्या पेजेवर भागणार नाही हे उघड आहे. दूध, पनीर, डाळी, अंडी, मासे यांचे माप ठेवावे लागते. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि ब१२ यांच्या पूरक मात्रा जन्मभर घ्याव्या लागतात आणि त्यांची पातळी ठराविक काळाने रक्तातून तपासावी लागते. ब१ चा साठा शरीरात अवघ्या दोन-तीन आठवड्यांचाच असतो. सतत उलट्या झाल्या तर तो संपतो. अशा रुग्णाला ब१ न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन लावले तर मेंदूस अधिक इजा पोहोचू शकते. आरंभी सांगितलेल्या गृहस्थांचे जे झाले, ते या एका ओळीच्या माहितीअभावी झाले.

याखेरीज अनेक गोष्टींवर नजर ठेवावी लागते. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्रा वेळीच कमी न केल्यास साखर अथवा रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरतो. बायपास झालेल्या रुग्णाने गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतल्यास जोडाच्या जागी व्रण होऊ शकतो. त्याच रुग्णाच्या पोटात वर्षा-दोन वर्षांनी अचानक कळ आली, तर आतडे आतल्या आत अडकलेले असण्याची शक्यता असते आणि जोड कोठे व कसा दिला आहे हे समजल्याविना त्याचे निदान कठीण जाते. स्त्रियांनी बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी, असा सल्ला दिला जातो. मद्य लवकर चढते आणि काहींना त्याची आसक्ती जडते. वजन काही अंशी पुन्हा वाढते, तेव्हा मन खचते. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शस्त्रक्रिया करणाऱ्या सेवेनेच किमान दोन वर्षे पाठपुरावा करावयाचा असतो आणि त्यानंतर दरवर्षी निदान एकदा तपासणी व्हावयाची असते. परदेशी शस्त्रक्रियेच्या योजनेत या भागाची बहुधा सोयच नसते.

आमची चूक

येथवर आम्ही इतरांविषयी लिहिले. आता स्वतःविषयी लिहिणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेतून आलेल्या एका शिक्षिकेवर आमच्या रुग्णालयात बायपास शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली. बाराव्या दिवशी आम्ही त्यांना व्यवस्थित टाचलेली धारिका, आहाराचा तक्ता आणि तीन महिन्यांची औषधे देऊन निरोप दिला. नंतर दोन वेळा ई-पत्रे पाठविली. उत्तर आले नाही तेव्हा सर्व क्षेम असावे, असे आम्ही गृहीत धरले. आमच्या नोंदवहीत त्यांच्या नावापुढे 'शस्त्रक्रिया यशस्वी' असा शेरा होता.

दोन वर्षांनी नातेवाइकांच्या कार्यासाठी भारतात आल्या असता त्या आम्हांला भेटावयास आल्या. वजन ४० किलोंनी उतरले होते. त्याबद्दल त्यांनी आभारही मानले. परंतु जिना चढून येताना त्या दोनदा थांबल्या. हिमोग्लोबिन ७ भरले, हाडे दुखत होती, केस विरळ झाले होते. आम्ही लिहून दिलेल्या गोळ्या त्यांच्या गावी मिळत नव्हत्या आणि तेथील डॉक्टरांनी बायपास झालेला रुग्ण पूर्वी पाहिला नव्हता. त्यांना ब१२ ची इंजेक्शने आणि शिरेतून लोह द्यावे लागले. आता त्यांची प्रकृती सुधारली आहे. रत्नागिरीच्या गृहस्थांना अर्धवट कागद देऊन रवाना करणाऱ्या केंद्रास आम्ही मनातल्या मनात दोष दिला होता. आमचे कागद पुरे होते, एवढाच काय तो फरक. त्या कागदांचा उपयोग करणारे कोणी तेथे आहे का, याची चौकशी आम्हीही केली नव्हती.

जाण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

ज्यांचे आप्त परदेशी शस्त्रक्रियेचा विचार करीत असतील, त्यांनी पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी मिळवावीत :

१. माझी तपासणी कोण करणार, आणि शस्त्रक्रिया योग्य नाही असे ठरल्यास भरलेली रक्कम परत मिळणार काय?

२. शस्त्रक्रिया प्रत्यक्ष कोणते शल्यचिकित्सक करणार? त्यांची नोंदणी त्या देशाच्या वैद्यकीय परिषदेकडे आहे काय? मध्यस्थाशी नव्हे, त्यांच्याशी माझे बोलणे होईल काय?

३. कोणती पद्धत वापरणार आणि तीच का? पोहोचल्यावर पद्धत बदलणार नाही ना?

४. रुग्णालयात अतिदक्षता विभाग आणि रक्तपुरवठ्याची सोय आहे काय?

५. त्या शहरात मला किती दिवस राहू देणार? दहा दिवसांहून कमी असल्यास त्याचे कारण काय?

६. गुंतागुंत झाल्यास दुसऱ्या शस्त्रक्रियेचा आणि वाढीव मुक्कामाचा खर्च कोणाचा? ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेतून उद्भवलेला खर्च साधारण प्रवास विम्यात सहसा मिळत नाही.

७. शस्त्रक्रियेचे सविस्तर टिपण, वापरलेल्या साहित्याचा तपशील आणि औषधांची मूळ नावे मला समजणाऱ्या भाषेत मिळतील काय?

८. माझ्या गावातील कोणते डॉक्टर पुढील दोन वर्षे माझी तपासणी करण्यास तयार आहेत? हा प्रश्न परदेशी केंद्राला नव्हे, स्वतःला विचारावयाचा आहे. आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत तिकीट काढू नये.

परतल्यानंतर

जे आधीच शस्त्रक्रिया करून आले आहेत, त्यांना आमची कळकळीची विनंती आहे. संकोच बाळगू नका. आपल्या डॉक्टरांना सर्व सांगा. शस्त्रक्रियेचे नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी नेहमी खिशात ठेवा. एक दिवसाहून अधिक काळ पाणीही पोटात ठरत नसेल, नाडी वेगाने चालत असेल, पोटरी सुजली असेल, धाप लागत असेल किंवा पोटात असह्य कळ येत असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. आमच्या बाह्यरुग्ण विभागात अशा रुग्णांची तपासणी, शस्त्रक्रिया जगात कोठेही झालेली असो, इतर रुग्णांप्रमाणेच होते. तेथे कोणी त्यांना 'का गेला होता' असे विचारणार नाही.

विश्वस्त मंडळाचा निर्णय

वरील दोन्ही रुग्णांच्या अनुभवांवर विश्वस्त मंडळ आणि शल्यचिकित्सा विभाग यांच्या संयुक्त बैठकीत चर्चा झाली आणि काही नियम संमत झाले. परदेशातून येणाऱ्या रुग्णाने आपल्या गावातील पाठपुरावा करणाऱ्या डॉक्टरांचे संमतिपत्र आणल्याखेरीज त्याच्यावर वजन घटविण्याची शस्त्रक्रिया होणार नाही. शस्त्रक्रियेनंतर त्याने किमान तीन आठवडे याच शहरात राहावयाचे आहे. रुग्णास लिहून द्यावयाची पूरक औषधे त्याच्या गावी मिळतात किंवा नाही, याची खातरजमा आहारतज्ज्ञ शस्त्रक्रियेपूर्वीच करतील. दोन वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी आमच्या परिचारिका रुग्णाशी दूरध्वनीवर बोलून नोंद ठेवतील, आणि ती नोंद पूर्ण होईपर्यंत 'यशस्वी' हा शेरा लिहिला जाणार नाही.

या नियमांमुळे परदेशी रुग्णांची संख्या घटेल हे आम्ही जाणतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखाव्या लागतात, आणि इतर रुग्णांच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. परदेशी रुग्णांची देयके मोठी असतात. ती कमी झाली की त्या प्रमाणात निधीही आटेल. ही बाब बैठकीत कोषाध्यक्षांनी स्पष्टपणे मांडली. तरीही निर्णय एकमताने झाला. एका रुग्णाच्या पाठपुराव्यात केलेली काटकसर दुसऱ्या रुग्णाच्या निधीत भरणे, हे न्यासाच्या संस्थापकांना रुचले नसते.

आरंभी प्रश्न विचारणाऱ्या विश्वस्तांनीच या चर्चेत एक मुद्दा मांडला. ते म्हणाले, गडचिरोलीहून किंवा नंदुरबारहून येणाऱ्या आमच्या निर्धन रुग्णाला तरी हे रुग्णालय परदेशाहून कितीसे जवळ आहे? हृदयाची, मणक्याची, कर्करोगाची शस्त्रक्रिया करून तोही डिस्चार्ज कार्ड घेऊन एस.टी.त बसतो, आणि त्याच्या गावी पुढे काय होते याची आम्हांला किती माहिती असते? या प्रश्नाला बैठकीत कोणापाशीही समाधानकारक उत्तर नव्हते. त्यामुळे दूरध्वनीवरील पाठपुरावा यंदापासून राज्यातील दूरच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या सर्व शस्त्रक्रिया-रुग्णांना लागू करण्याचे ठरले आहे. वैद्यकीय समाजसेवा विभागाकडे त्यासाठी दोन परिचारिकांची नियुक्ती व्हावयाची आहे.

या कामासाठी नवी इमारत वा महागडे यंत्र लागणार नाही. लागणार आहेत ती माणसे, त्यांचे वेतन आणि चिकाटी. अशा कामाला देणगीची कोनशिला बसविता येत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही आमचे हितचिंतक त्याला हातभार लावतील, असा विश्वास वाटतो. वाचकांच्या सूचनांचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करू.